दोनदा खरं, तिसऱ्यांदा हूल

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासते आणि रोज संध्याकाळी सात ते आठ टीव्हीवर बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळते. यातल्या शेवटच्या गोष्टीचा लोकांना सगळ्यात जास्त त्रास होतो. लग्नाचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं. पण गेम म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे नीट बघतो आणि विचारतो, "भाच्याबिच्यासाठी ठेवलाय का?" ठेवला भाच्यानेच होता. खेळते मी.

भाचा म्हणजे मोठ्या बहिणीचा मुलगा. तो शिकायला परदेशी गेला तेव्हा त्याचा कन्सोल आमच्या दहिसरच्या घरी आणून ठेवला आणि जाताना बजावून गेला, "मावशी, हात लावू नकोस हां. माझं सगळं सेव्ह केलेलं जाईल." मला कुणी नको म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात, हे त्याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. तो गेला शुक्रवारी. रविवारी दुपारी मी वायर जोडली.

आत बास्केटबॉलची डिस्क होती. बास्केटबॉल मी आयुष्यात खेळले नव्हते. पहिले पंधरा दिवस मी सगळे नवखे करतात तेच केलं. कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली एक छोटी काडी असते. ती इकडे ढकलली की खेळाडू चेंडू या हातातून त्या हातात घेतो, खाली ओढली की पाठीमागून नेतो, गोल फिरवली की स्वतःभोवती गिरकी मारतो. मी ती काडी ताक घुसळल्यासारखी फिरवत बसायचे. माझा खेळाडू जागच्या जागी नाचायचा आणि समोरचा शांतपणे हात घालून चेंडू काढून घ्यायचा. खेळाडूच्या पायाखाली उरलेला दम दाखवणारी एक पट्टी असते, ती संपलेली असायची, त्यामुळे मागे पळायलाही तो उरायचा नाही.

आई बाजूला लसूण सोलत बसलेली असायची. आई त्र्याहत्तरची आहे, मालवणची, आणि पन्नास वर्षं मुंबईत राहूनही माझ्याशी मालवणीतच बोलते. एकदा माझा चेंडू लागोपाठ सातव्यांदा गेला तेव्हा ती म्हणाली, "इतक्या नाचतंस कित्या गो? तो काय तुझो नाच बघूक उभो रवलो हा?"

मला राग आला. राग यासाठी आला की ती बरोबर बोलत होती, आणि ही गोष्ट मला वयाच्या बाराव्या वर्षीच माहीत होती.

शाळेत मी खो-खो खेळायचे. पाठलागात बरी होते, पण पळण्यात माझा हात कुणी धरत नसे. खो-खोत पाठलाग करणारीचा एक मोठा घोळ असतो: तिने एकदा खांदा वळवून दिशा घेतली की तिला मागे फिरता येत नाही. म्हणून पळणारीने फक्त तिला चुकीच्या बाजूला खांदा वळवायला लावायचं. याला हूल म्हणतात. आमच्या बाई म्हणायच्या, हूल एकच द्यायची, आणि ती खरी वाटायला हवी असेल तर आधी दोनदा त्याच बाजूला खरोखर पळायचं. तिसऱ्या वेळी ती तुमच्या आधी तिथे पोचायला निघते. ती निघाली की तुम्ही दुसरीकडे.

दुसऱ्या दिवसापासून मी काडी घुसळणं बंद केलं. चेंडू सोडून समोरच्याचे पाय बघायला लागले. मग हळूहळू उमगत गेलं. चेंडू कायम त्याच्यापासून लांबच्या हातात ठेवायचा आणि मध्ये आपला खांदा घालायचा, म्हणजे त्याला हात घालायला जागाच राहत नाही. पळायचं बटण सारखं दाबून ठेवायचं नाही. सावकाश चालत जायचं, किंचित थबकायचं, आता हा थांबला असं त्याला वाटलं की सुटायचं. आणि दोघातिघांच्या गर्दीत शिरून कलाकारी तर अजिबात करायची नाही. भाच्याचं सेव्ह केलेलं सगळं गेलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे मी हे सगळं का सांगतेय ते कळेल.

आमचा टॉवर जिथे आहे तिथे पूर्वी आमची चाळ होती. तीच माणसं, तीच जमीन, फक्त आता लिफ्ट आली. चाळीच्या गणपतीत आरतीचं ताट कुणीही धरायचं. समोर जो उभा असेल त्याच्या हातात ताट. आई बहुतेक वेळा समोरच असायची, कारण आरत्या तिला सगळ्या पाठ होत्या आणि तिच्या आवाजापुढे झांजा कमी पडायच्या. बाबा गिरणी कामगार होते. गिरणी गेल्यावर त्यांनी नाक्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी धरली. चाळ पाडली तेव्हा ते होते, टॉवर उभा राहिला तेव्हा नव्हते.

टॉवर झाला, क्लबरूम आली, आणि क्लबरूमबरोबर यादी आली. दर वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात ती लिफ्टशेजारी लागते: आरतीचे मानकरी, सकाळ, संध्याकाळ, फ्लॅटप्रमाणे. प्रत्येक नावामागे श्री. व सौ. पहिल्या वर्षी तीनशे तीननंतर आमचा तीनशे चार सोडून एकदम तीनशे पाच बघून मला वाटलं, टाइप करताना राहिलं असेल. मी सरळ सेक्रेटरी काकांकडे गेले. सेक्रेटरी काका सज्जन आहेत, हे मुद्दाम सांगते. बिल्डिंगचं पाणी, गळती, वॉचमनची रजा, सगळं तेच बघतात. ते मान खाजवत म्हणाले, "तसं काही नाही हो ताई. पण आरती जोडप्याने करायची पद्धत आहे."

"चाळीत कुठे होती ही पद्धत?"

"चाळीत चालायचं हो."

हे तीन शब्द माझ्या डोक्यात असे बसले की चार वर्षं निघाले नाहीत. एवढा उंच टॉवर बांधला, आणि वर चढता चढता माझ्या आईला ताटाला हात लावायची सोय तेवढी खाली राहिली. मी बिनलग्नाची, ती विधवा. आमच्या घरात श्री. नाही आणि सौ. पण नाही. आई रोज आरतीला जायची आणि मागे चपलांच्या स्टँडपाशी उभी राहून टाळ्या वाजवायची. तोंड हलायचं, आवाज यायचा नाही. मला तिचा राग यायचा. तिच्यावर आवाज चढवून मी एकदा म्हटलंसुद्धा, "पुढे जाऊन उभी राहा ना!" ती म्हणाली, "आसांदे गो. देवाक काय मागचो दिसणा नाय?"

देवाला दिसत असेल. मला पुढचे दिसत होते.

यादीत एकच फट होती. शेवटच्या दिवसाची, विसर्जनाच्या आधीची आरती जोडप्याची नसते. ती खुल्या गटाच्या विजेत्याची असते. चाळीत कॅरमची स्पर्धा व्हायची आणि जिंकेल त्याला शेवटच्या आरतीचा मान, एवढी एकच रीत चाळीतून टॉवरमध्ये आली. विजेता सोबत घरचं कुणी आणू शकतो. त्या एका आरतीसाठी मी दोन वर्षं कॅरम खेळले. दोन्ही वर्षी पहिल्याच फेरीत हरले. स्ट्रायकर माझं ऐकत नाही, त्याला मी काय करू?

आणि चौथ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, मी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभी असताना नोटीस वाचली. तरुण मंडळींच्या आग्रहास्तव कॅरमऐवजी या वर्षी व्हिडिओ गेम (बास्केटबॉल), खुला गट. खाली महिला गट: संगीत खुर्ची आणि नाचणीच्या पदार्थांची पाककृती स्पर्धा. मी नोटीस दोनदा वाचली. मग पिशवी तिथेच भिंतीला टेकवून तशीच सेक्रेटरींच्या दारात गेले.

"महिलांसाठी वेगळं आहे ना ताई," ते म्हणाले.

"खुला म्हणजे काय काका?"

"खुला म्हणजे सगळ्यांना."

"मग सगळ्यांत मी येते की नाही?"

"येता हो. पण ते बटणं, ते फास्ट असतं सगळं. त्यापेक्षा नाचणीला परीक्षक व्हा ना तुम्ही."

"नाव लिहा काका. चष्मा आणून देऊ का?"

लिहिलं. आईला मी फक्त एवढंच सांगितलं की स्पर्धेत नाव दिलंय. तिने कपाळावर हात मारला. "लोक हसतले गो." हसू देत. जिंकले तर ताट आमच्या घरात येणार होतं, आणि ते मी तिच्या हातात देणार होते. हरले तर पुढच्या वर्षी काय गेम ठेवतील कुणास ठाऊक, आणि आई सत्तरी ओलांडलेली. मला दुसरं काही नको होतं. ट्रॉफी तर प्लास्टिकची असते.

क्लबरूममध्ये भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. आठ जणांनी नावं दिली होती, त्यात मी एकटीच बाई. पहिल्या फेरीत समोर बसलेल्या अकरावीतल्या मुलाने माझी कीव करून सावकाश खेळायला सुरुवात केली, आणि त्याची कीव संपेपर्यंत खेळही संपला होता. दुसऱ्या फेरीतले गृहस्थ काडी घुसळणारे निघाले. त्यांच्यात मला माझे पहिले पंधरा दिवस दिसले. दया आली, पण चेंडू काढून घेतला.

अंतिम सामना सेक्रेटरी काकांच्या मुलाशी. वय तीस, आयटीत नोकरी, कॅरम काढून गेम आणायची कल्पना त्याचीच आणि कन्सोलही त्याचाच. मुलगा हसरा आहे. "ताई, टेन्शन नका घेऊ, चिल," असं म्हणून त्याने मला कंट्रोलर दिला. तो नवा होता. माझ्या घरच्याची काडी वापरून वापरून सैल झालीय, याची ताठ होती. मी जेवढं ढकलायचे तेवढ्यात खेळाडू अर्धाच वळायचा. दोन मिनिटांत मी सहा गुणांनी मागे पडले.

तो फार देखणं खेळायचा, हे कबूल करते. पायांमधून चेंडू, पाठीमागून चेंडू, गिरकी, पुन्हा पायांमधून. खुर्च्यांवरून "ओऽऽ" यायचं. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, वाट लागली!" आणि मी एक मूर्खपणा केला. मलाही ते "ओऽऽ" हवंसं वाटलं. मी मध्यावरच गिरकी मारली, मग पाठीमागून घेतला, मग आणखी एक गिरकी. तिसरी गिरकी पुरी व्हायच्या आत चेंडू त्याच्या हातात होता आणि दुसऱ्या टोकाला बास्केट झाली. खोली टाळ्यांनी भरली, त्या टाळ्या त्याच्या होत्या.

मी मागे वळून बघितलं. आई चपलांच्या स्टँडपाशी उभी होती. बसायला खुर्ची असताना उभी. हाताने तिने मला खूण केली, तळवा खाली: हळू.

त्यानंतर मी कुणाकडे बघितलं नाही. फक्त त्याच्या खेळाडूचे पाय. देखणं खेळणाऱ्या माणसाला समोरचाही देखणं काहीतरी करील असं वाटत राहतं, म्हणून तो फार लवकर उडी घेतो. मी चालत जायचे, थबकायचे, सुटायचे. एवढंच. त्याची दमाची पट्टी त्याच्याच नाचाने रिकामी व्हायची आणि माझी भरलेली असायची. आठाचे चार झाले, चाराचे दोन. खुर्च्यांवरचा आवाज कमी झाला.

शेवटचं मिनिट. मी उजवीकडून पळाले, खरोखर पळाले, दोन गुण मिळाले. त्याने लगेच तीन फेडले. मी पुन्हा उजवीकडून. या वेळी त्याने वाट अडवायचा प्रयत्न केला, थोडक्यात चुकला, मला पुन्हा दोन मिळाले. त्याची पुढची फेक रिंगवर आपटून परत आली. मी एका गुणाने मागे, अकरा सेकंद, चेंडू माझा.

मी चालत गेले. उजवीकडे खांदा घेतला. थबकले. त्याचा खेळाडू माझ्या आधी तिथे पोचायला निघाला. पाय हलला, मला दिसला. ताठ काडी मी अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत डावीकडे दाबली. चेंडू दुसऱ्या हातात आला आणि समोर कुणीही नव्हतं. रिकाम्या रिंगखाली जाऊन एखादं लहान मूल टाकील तसा मी तो टाकला.

मग महिला गटातून, संगीत खुर्चीच्या विजेत्या बसल्या होत्या तिथून, एक सणसणीत शिट्टी आली. "झकास गं!" सेक्रेटरींच्या मुलाने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही मला येडा बनवलंत यार." मी म्हटलं, "हो रे."

सेक्रेटरी काका पुढे आले. अभिनंदन केलं, मनापासून केलं. मग म्हणाले, "उद्या सहाची आरती तुमची. सोबत कोण? भाऊ-वहिनी येतील का कोणी?"

"आई."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "काकू बाजूला उभ्या राहतील ना. हरकत नाही. ताट मात्र तुम्ही धरा."

हरकत नाही! कुणी विचारली होती हरकत? पण मी त्या वेळी गप्प बसले, कारण खरं भांडण घरी होतं. घरी आई म्हणाली, "माका नको ता ताट. तू धर. चार लोकांत कित्या वाद?" मी म्हटलं, अगं हे तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, मी सांगितलं होतं का? मी ओरडले, "बाबा गेले म्हणून तुझे हातपण गेले का?" ती आत गेली आणि कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत बाहेर आली नाही. मला माझीच लाज वाटली, पण माघार घ्यायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही दोघी पुढे उभ्या होतो. आई माझ्या डाव्या हाताला, इस्त्रीच्या साडीत, नजर जमिनीकडे. मागे अख्खा टॉवर. सेक्रेटरी काकांच्या हातात झांजा, कारण शेवटच्या दिवशी झांजा तेच वाजवतात.

मी आईला म्हटलं, "माझा चष्मा धर जरा, पुसते." तिने धरला, मी रुमाल काढला, पुसून परत घेतला. निरांजन लावताना म्हटलं, "फोन धर." तिने धरला. कापूर ठेवून झाल्यावर मी तो परत घेतला. झांजा वाजायला लागल्या. मी ताट उचललं, पहिली ओळ सुरू झाली, आणि मी म्हटलं, "धर जरा, ओढणी सुटली."

तिने धरलं. मी दोन पावलं मागे गेले आणि दुसऱ्या ओळीत उभी राहिले.

सुरू झालेली आरती कुणी मध्ये थांबवत नाही. सेक्रेटरी काकांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, झांजा वाजत होत्या, हात मोकळे नव्हते. आईने मान वळवून मला शोधलं. मी ओढणीचं टोक हातात धरून उभी होते. ती माझ्याकडे ज्या रागाने बघत होती तो राग मला ओळखीचा होता, माझाच आहे तो. मग ती समोर वळली. ताट फिरायला लागलं.

पहिल्या आरतीत ती नुसतं ताट फिरवत होती. दुसऱ्या आरतीत तिचा आवाज आला. आधी नुसता ओळींच्या शेवटाला, मग पूर्ण. चार वर्षांनी तो किंचित फाटला होता, पण झांजा आजही कमीच पडल्या. मागच्या बायका तिच्या मागून गायला लागल्या.

तिसरी आरती संपत आली तेव्हा मला काळजी वाटायला लागली. पितळेचं ताट जड असतं, तिचा हात खाली येत होता. ही हूल नव्हती, मी खरंच पुढे गेले आणि ताट घ्यायला हात लांब केले.

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताट पलीकडे नेलं, मध्ये खांदा घातला, आणि गात राहिली.